पडायची सोय

जेऊरला डोंगर नाही. इथं चढायचं तर आधी खाली उतरावं लागतं.

साल 1969 घ्या. मे महिना, दुपारचे दोन. करमाळा तालुक्यातलं हे गाव पुणे-सोलापूर लोहमार्गावरचं. रूळ 1859 सालापासून आहेत आणि आत्ताही एक मालगाडी स्टेशनात धापा टाकत उभी आहे. तुम्हाला तिच्याशी काही घेणं नाही. तुम्ही बारा वर्षांचे आहात, अंगावर नाडीची चड्डी आहे, आणि मळ्यातल्या विहिरीच्या काठावर उकिडवे बसून खाली बघताय. वरचे दोन परस घडीव दगडाचं बांधकाम. त्याखाली सरळसोट काळा कातळ, पहारीचे आणि सुरुंगाचे वण अजून अंगावर असलेला. कपारीत पारवे घुमतायत, एका सांध्यातून उंबर फुटलाय. खाली हिरवं पाणी आणि त्यात सहा-सात काळी डोकी.

मुटका मारून तुम्ही आत पडता. पाठीवरचा पांगाऱ्याचा बिंडा गेल्याच उन्हाळ्यात सुटलाय, त्यामुळं जरा ऐट आहे. पण पोहण्याचं कौतुक इथं कुणाला नाही. बघतात ते वर कसा येतो ते. विहिरीला एका अंगाला पायऱ्या आहेत. त्या बायकांसाठी, म्हाताऱ्यांसाठी आणि नवख्या पोरांसाठी. बाकीच्यांनी भिंतीनं वर यायचं. हा नियम कुणी आणि कधी केला ते विचारायची सोय नाही, पण पायऱ्यांनी वर आलेल्या पोराला दिवस मावळेपर्यंत चिडवतात. भिंतीवरच्या वाटांना नावं आहेत. एक पारव्याची, एक उंबराची. मोटेच्या थारोळ्याखालून जाणारी तिसरी अजून कुणाला जमलेली नाही, म्हणून तिला नावही नाही.

तुम्ही उंबराच्या वाटेला लागता. पहिला हात कपारीत, दुसरा कातळाच्या एका फुटक्या कडेवर, चारच बोटं मावतात. अंग पाण्याबाहेर ओढता आणि वरून ओरडा होतो.

"आरं, चड्डी पिळ आधी! समदा दगड वल्ला करतुयास."

खरं आहे. तुमच्या चड्डीतनं गळणारं पाणी थेट पायाखालच्या दगडावर पडतंय. एका हातानं लोंबकळत तुम्ही चड्डीचे कोपरे पिळता. मग डावा तळवा उजव्या पोटरीवर घासता, उजवा डाव्या पोटरीवर, आणि दोन्ही पाय पाळीपाळीनं उन्हानं तापलेल्या कातळावर दाबून धरता. चटका बसतो. पाय कोरडा होतो. हे तुम्हाला कुणी बसवून शिकवलेलं नाही, आधीच्या पोरांना करताना बघितलंय. आता खरी अडचण. डोक्याच्या वर हातभर अंतरावर सुरुंगाच्या भोकाची अर्धी नळी कातळात राहिली आहे, गुळगुळीत, उभी. तिच्यात अंगठा अडकवला की काम झालं. अंगठा पोचत नाही. तुम्ही उजवा पाय वर घेता, अंग भिंतीपासून सुटतं, आणि धप्प.

वर येऊन नाकातलं पाणी शिंकरताय तोवर पाण्यातला एक थोराड पोरगा सांगतो, "उजवा नगं घिऊस. डावा घे, गुडघा भाईर काढ, प्वाट भिताडाला चिकटीव. मग हात आपसूक जातुया." हा पोरगा गेला महिनाभर उंबराच्या वाटेचा एकटा मालक आहे. ती तुम्हाला जमली तर त्याची मालकी जाणार, हे त्यालाही कळतं. तरी सांगतो. कारण फार उदात्त नाही. भिंतीवर एक जण अडकला की त्याच्या खालचे सगळे पाण्यात गारठत खोळंबतात. कसं का असेना, त्या विहिरीत कुणी युक्ती लपवून ठेवत नाही. तिसऱ्या खेपेला तुमचा अंगठा त्या नळीत बसतो आणि सातही डोकी एकदम ओरडतात.

या खेळाला जगात काही नाव आहे, हे तुमच्या गावीही नाही.

आता 1973च्या मार्चमध्ये या. तीच विहीर, तोच कातळ, तोच उंबर, फक्त पानं गळालेला. पाणी नाही. सलग हुकलेल्या पावसानं राज्याचा मोठा मुलूख कामावर लावलाय. बंडिंग, पाझर तलाव, रस्ते आणि खडी. तुम्ही आता सोळाचे, आईबरोबर खडी फोडायला जाता, दुपारी सुकडी खाता, घरी मिलोची लाल भाकरी. एका संध्याकाळी विहिरीवर जाऊन काठाशी उभे राहता. पाय कोरडे, दगड कोरडा, हाताला आता घणाची ताकद. उंबराची वाट आज हसतखेळत जमली असती. पण आठ परस खाली सुरुंगाचे दगड पडलेत, कारण थोरली माणसं तळ खोल करतायत. तुम्ही काठावरून एक खडा टाकता, तो खाली ठण्ण वाजतो, आणि तुम्ही घरी जाता. भिंत होती, पोरंही होती. पडायला जागा नव्हती.

या विहिरी ज्यांनी खोदल्या त्या वडारांच्या वस्तीवरनं जाताना जरा थांबा. दगडाला नस असते, कुठं ठोकला तर सरळ फाटतो आणि कुठं ठोकला तर ठिकऱ्या उडतात, हे छिन्नीच्या पहिल्या आवाजावरून ओळखणारी ही माणसं. दगड वाचण्याचं जे कौतुक पुढं बोल्डरिंगवाले, म्हणजे दोराशिवाय बुटके धोंडे चढणारे, करणार आहेत ते इथं पोटासाठी रोज चालतं, आणि त्याला कुणी टाळ्या वाजवत नाही. या गावच्या वडार घरात नागराज मंजुळे जन्मणार आहेत. त्यांच्या 'फँड्री' चित्रपटाच्या शेवटी एक पोरगा पडद्यातून थेट प्रेक्षकांवर दगड भिरकावतो. दगडाशी नातं खेळाचंच असतं असं मानणाऱ्या आपल्यासारख्यांनी तो दगड एकदा डोक्यात बसवून घ्यावा आणि मग पुढं निघावं.

पुढं म्हणजे मागं. 1934, पॅरिसच्या आग्नेयेला साठेक किलोमीटरवरचं फाँतेनब्लोचं जंगल. पाइन आणि ओकच्या झाडांत वालुकाश्माचे हत्तीएवढे धोंडे विखुरलेत, आणि खाली वाळू. पांढरी, बारीक, घोट्याइतकी. रविवारी रेल्वेनं पॅरिसची माणसं येतात. तुम्ही बघताय तो गिर्यारोहक पिएर आलँ. एका धोंड्याच्या कोपऱ्यावर त्याचे प्रयत्न चाललेत. याच वर्षी तो त्याला जमेल, आणि तो धोंडा पुढं 'आलँचा कोपरा' म्हणूनच ओळखला जाईल. चढण्याआधी तो काय करतो ते नीट बघा. जमिनीवर एक फडकं अंथरतो, त्यावर उभा राहतो, बुटांचे तळवे घासून पुसतो. वाळूचा एक कण तळव्याला राहिला तरी पाय सटकतो. मग फडक्यावरून थेट दगडावर. विहिरीत पोटरीला पाय पुसणारं पोरगं तुमच्या आतून खुदकन हसतं.

आलँ पडतो. वाळूत रुततो, उठतो, पुन्हा फडक्यावर. रबरी तळव्याचे हलके बूट याच माणसाच्या खटपटीतून पुढं आले. पण त्याला विचारलंत तर तो म्हणेल, हा आल्प्सचा सराव आहे. खोटं नाही, 1935 साली त्यानं तिथल्या प्ती द्रू शिखराची उत्तर भिंत चढून दाखवली. या जंगलात मात्र एक गंमत हळूहळू होत गेली. सरावाला येणारे काही जण आल्प्सला जाईनासे झाले. 1946 साली रने फेर्ले 'मारी रोज' नावाचा धोंडा चढला, आणि इथल्या अवघडपणाच्या मापात पहिल्यांदा सहाचा आकडा लागला. पुढं धोंड्यांवर रंगाचे बाण काढून एकामागून एक चढायच्या माळाच आखल्या गेल्या. सरावाला कुणी अशी मोजमापं आणि नकाशे करत बसत नाही.

अमेरिकेत फार वेळ घालवायचा नाही, पण एक जागा चुकवू नका. 1961, साउथ डकोटातल्या नीडल्सचा वाहनतळ. तीस फुटी सुळका, त्याचं नाव 'थिंबल'. त्याच्या पायथ्याशी लाकडी कठडा. जॉन गिल नावाचा जिम्नॅस्ट, पुढं गणिताचा प्राध्यापक झालेला, एकटा, दोराशिवाय त्यावर चढतोय. हाताचा घाम टिपायला जिम्नॅस्टची पांढरी पूड दगडावर आणणारा हाच. वर जाताना सुटला तर कठड्यावर आदळणार, हे त्याला आणि तुम्हाला दोघांनाही दिसतंय. तो सुटत नाही. पण तिथं तुम्ही टाळी वाजवत नाही, तुमच्या तोंडाला कोरड पडलीय. माझं प्रामाणिक मत विचाराल तर थिंबल ही या खेळाची कड आहे, गाभा नव्हे. गिलचं खरं देणं दुसरं. 'अमेरिकन अल्पाइन जर्नल'मध्ये त्यानं लेख लिहून सांगितलं की बारा-पंधरा फुटांचा धोंडा हा स्वतःच पुरेसा आहे, तो कशाची पूर्वतयारी असण्याची गरज नाही. लेखाचं साल 1969. तुम्ही जेऊरच्या विहिरीत चड्डी पिळत होता ते.

आता घराकडं. जेऊरला रात्रीची गाडी पकडा, साल 2005च्या आसपासचं, थंडीचे दिवस. बसायला जागा नाही, दारातच अंग मुडपून बसता. खंडाळ्यानंतर उजाडायला लागलं तर नागफणीचं टोक दिसतं. पलीकडच्या सीटवरचा एक जण ते बोटानं दाखवून, आपण कुठून चढलो ते शेजाऱ्याला सांगतोय. दादरला उतरून कुर्ला, मग हार्बर लाइन, मग सीबीडी बेलापूर. स्टेशनपासून चालत टेकडीच्या पायथ्याशी झाडीत पोचता आणि एकदम गलका ऐकू येतो.

दगड ओळखीचा आहे. तोच काळा बसॉल्ट, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या त्याच लाव्ह्याचा. जेऊरला तो जमिनीखाली सपाट थरात निजलाय, म्हणून विहीर खोदल्याशिवाय दिसत नाही. इथं कोकणच्या पावसानं त्याचे कोपरे खाल्ले, भेगांतून पाणी शिरून धोंडे सुटे झाले आणि कांद्यासारखे पापुद्रे टाकत गोल होत गेले. हात लावून बघा. खरखरीत आहे, आणि कडा अजून धारदार. संध्याकाळपर्यंत बोटांची टोकं सोलून निघतील.

एका धोंड्याखाली आठ-दहा जण. एक बँकेत नोकरी करणारा, दोन कॉलेजातल्या मुली, एक पन्नाशीचा गृहस्थ गुडघ्याला पट्टा बांधून. बोलणं मराठी, हिंदी, इंग्रजीची भेळ. कॉलेजातली एक मुलगी चढतेय. खाली जाड गादी, तिला क्रॅशपॅड म्हणतात. ही वस्तू जगात रुळली 1990च्या दशकात, आणि तिनंच या खेळाचा नकाशा बदलला. वाळू नसलेल्या, दगडगोट्यांच्या जमिनीवरचे धोंडेही चढण्याजोगे झाले. पण गादी छोटी असते. मुलगी आडवी सरकते तशी दोघं जण वाकून गादी तिच्याखाली ओढत नेतात, आणि दोघं हात वर करून तिच्या पाठीमागं उभे. तो पन्नाशीचा गृहस्थ तुम्हाला बघतो आणि काही न विचारता कामाला लावतो.

"इकडे उभा राहा. हात असे. अंगठे आत घे, नाहीतर मोडतील. झेलायचं नाही हं. कमरेला धरून फक्त गादीवर वळवायचं. डोकं दगडावर जाता कामा नये, बाकी पडू दे."

तुम्ही अंगठे आत घेता. परक्या शहरात, नावही माहीत नसलेल्या मुलीच्या कमरेखाली हात धरून उभं राहायचं म्हणजे तुमच्या कानाच्या पाळ्या तापतात. तिला पर्वा नाही. ती वरून ओरडते, "पाय कुठे?" आणि खालून चार आवाज एकदम येतात. डावा. नाही, डावाच, गुडघा बाहेर. पोट भिंतीला. विश्वास ठेव पायावर. जाईल, जाईल, घे!

ती पडते. तुमच्या दोन्ही तळव्यांवर क्षणभर तिचं वजन येतं, तुम्ही वळवता, ती गादीवर बसकण मारते आणि हसते. "थँक्यू. आता तुझा नंबर." बूट नाहीत म्हणताच तुमच्यापुढं तीन जोड येतात. हाच तुमचा इथला दाखला. कुठून आलास, काय करतोस हे सगळं नंतर, वडापाव खाताना.

मुंबईच्या गिर्यारोहकांनी मुंब्र्याचे, कान्हेरीचे, बेलापूरचे दगड धरले ते सह्याद्रीच्या सुळक्यांसाठी आणि हिमालयासाठी. गिरिविहार ही त्यांतली जुनी संस्था, 1954ची. रविवारी दगड, मे महिन्यात हिमालय, असा तो हिशेब. "दगडावर खेळून डोंगर चढता येत नाही," हा टोमणा या झाडीतही ऐकायला मिळेल. पण याच गिरिविहारनं बेलापूरच्या नैसर्गिक दगडांवर वर्षानुवर्षं स्पर्धा घेतल्या, आणि फाँतेनब्लोत जे झालं तेच इथंही झालं. काही पोरं रविवारच्या पलीकडं गेलीच नाहीत. त्यांना या बारा फुटांतच सगळं मिळालं होतं.

मे 2016. आधी जेऊर, कारण ते बघण्यासारखं आहे. 29 एप्रिलला मंजुळेंचा 'सैराट' आलाय. रिक्षात, वरातीत, रसवंतीवर 'झिंगाट'. आपलं रान, आपली बोली, आपली विहीर पडद्यावर बघून गावाला उधाण आलंय. त्या विहिरीच्या प्रसंगाची चर्चा पारावर चालली आहे आणि तुम्ही मनात म्हणताय, पोरगं उडी मारून आत कसं पडलं ते सगळ्यांनी बघितलं, भिंतीनं वर कसं येतात ते कुणी दाखवलं नाही. आता दाखवायला तशा विहिरीही कमीच. उजनीचं पाणी, बोअर, ऊस, केळी यांच्या धबडग्यात कितीतरी विहिरी बुजल्या.

पंधरा दिवसांनी, 14 आणि 15 मेला, वाशीच्या सिडको प्रदर्शन केंद्रात बोल्डरिंगचा विश्वचषक आहे. यजमान गिरिविहार. बेलापूरच्या झाडीत गाद्या ओढणारे लोक आता गळ्यात ओळखपत्रं अडकवून धावतायत. आत शिरल्यावर पहिली नजर जाते ती भिंतीकडं नाही, खाली. सबंध भिंतीच्या लांबीची, गुडघ्याएवढ्या जाडीची निळसर गादी. कुठूनही पडा. वर प्लायवूडच्या भिंतीवर रंगीत, कृत्रिम पकडी. आदल्या रात्री माणसांनी नटबोल्टनं आवळून बसवलेलं कोडं. इथं हात वर करून कुणी मागं उभं राहत नाही. गरजच नाही.

आणि इथं तुम्हाला पहिल्यांदा खटकतं. खेळाडूंना एका बंद खोलीत ठेवलंय. आधीच्याचा प्रयत्न पुढच्याला दिसता कामा नये, फोन नाही, बाहेरच्याशी बोलणं नाही. स्पर्धेला हे लागतं, समजतं. पण विहिरीवर हे केलं असतं तर उंबराची वाट तुम्हाला आजही जमली नसती.

अंतिम फेरीआधी मात्र एक गोष्ट घडते. खेळाडूंना एकत्र बाहेर आणतात आणि प्रत्येक कोड्यासमोर दोन-दोन मिनिटं उभं करतात. बघा, चढू नका, एवढीच मुभा. आणि ज्यांनी तासाभरात एकमेकांना हरवायचं आहे ती माणसं भिंतीकडं तोंड करून हवेत हात हलवायला लागतात. एक जण डावा हात वर करतो. दुसरा मान हलवून उजवा दाखवतो. तिसरा हवेतच गुडघा बाहेर काढतो. भाषा एकमेकांची येत नाही, काम चाललंय बोटांनी. गारठलेली डोकी विहिरीतनं वर बघत हेच करायची.

तुम्ही प्रेक्षकांत बसता. शेजारी पुण्याची मंडळी, मागं ठाण्याचं एक कुटुंब डबा घेऊन आलेलं. भिंतीवरचा जपानी की ऑस्ट्रियन हे कुणी बघत नाही, जो लोंबकळतोय त्याच्यासाठी अख्खं सभागृह "चल, चल, चल!" ओरडतंय. हा खेळ ऑलिंपिकमध्ये जाणार यावर आणखी तीन महिन्यांनी, ऑगस्टमध्ये, शिक्कामोर्तब होईल. टोकियोत आणि पॅरिसमध्ये स्लोव्हेनियाची यान्या गार्नब्रेट लागोपाठ सुवर्णपदकं घेईल. तिच्या गळ्यातली पदकं बघताना वाशीचा हा उकाडा तुम्हाला आठवेल की नाही कोण जाणे.

रात्री सगळं संपल्यावर गाद्या उचलायला माणसं कमी पडतायत, तुम्हीही हात लावता. एका टोकाला तुम्ही, दुसऱ्या टोकाला तो बेलापूरचा गुडघ्याला पट्टा बांधणारा गृहस्थ. तुम्हाला तो ओळखत नाही. तुम्ही विचारता, "जेऊरला अशी भिंत उभी करायची म्हटलं तर काय काय लागेल?"

"कुठे आलं हे जेऊर?"

"करमाळा. सोलापूर जिल्हा."

"प्लायवूड तुमच्या गावचा सुतार मारून देईल. पकडी लाकडाच्या करा, चालतं. खर्च सगळा ह्याचा," आणि तो हातातल्या गादीवर थाप मारतो. "ही परवडत नसेल तर खाली वाळू टाका चांगली दोन फूट. फ्रान्समध्ये वाळूवरच तर चालतं. तुमच्याकडे भीमा आहे की, वाळूला काय तोटा?"

तुम्ही त्याला भीमेच्या वाळूच्या लिलावांची गोष्ट सांगता, रात्री निघणाऱ्या ट्रॅक्टरांची, ब्रासच्या भावाची. तो आकडा पुन्हा एकदा विचारतो, खात्री करून घेतो, आणि म्हणतो, "मग राहू दे. फोमच स्वस्त पडेल."